पूरफलकावरचा आवाज

त्या सकाळी माझा आवाज एकाच वेळी तीन-चारशे घरांत बोलत होता, आणि मी स्वतः स्वयंपाकघरात गॅस संपत आला म्हणून सिलिंडर हलवून बघत होते. चहा झाल्याशिवाय मी माणसात येत नाही. माझ्या आवाजाला चहा लागत नाही, झोप लागत नाही, आणि एकच गोष्ट चाळीस वेळा सांगावी लागली तरी त्याचं डोकं फिरत नाही. सुरुवातीला मला याची गंमत वाटायची. आता नुसता थकवा येतो.

पाऊस आठवडाभर लागून राहिला होता. वरच्या धरणांचे दरवाजे उघडले होते, नदी पात्र सोडून उसात शिरली होती, आणि आमचा पूरफलक जागा झाला होता.

पूरफलक म्हणजे इंटरनेटवरचं एक पान. कोण कुठे अडकलं आहे, कुठला रस्ता पाण्याखाली गेला, कुठल्या शाळेत छावणी आहे, औषध कुठे मिळेल, हे सगळं एका ठिकाणी. सरकारचं नाही, कंपनीचं नाही. मी मिरजेत शाळेत भूगोल शिकवते. बाकी कुणी औषधाच्या दुकानात, कुणी एसटीतून निवृत्त झालेलं. पगार नाही, सुट्टी नाही, शिव्या मात्र फुकट. लोक मला विचारतात, कशाला करतेस. मी म्हणते, एकदा हात घातला की काढता येत नाही, गोधडी शिवायला घेतल्यासारखं आहे.

मागल्या महापुरात आम्ही एक धडा घेतला होता. ‘अमुक गावात गरोदर बाई अडकली आहे, कृपया पुढे पाठवा’ असा निरोप फिरत होता. त्या बाईला पहिल्याच दिवशी बाहेर काढलं होतं. ती बाळंत झाली, बारसं झालं, तरी निरोप फिरतच होता, आणि त्या रिकाम्या घराकडे होडी दोनदा जाऊन आली. तेवढ्या वेळात दुसरीकडे माणसं कौलांवर बसून होती. माणूस सुटतं, निरोप अडकून राहतो. तेव्हापासून आमचा नियम झाला: फोन करून खात्री केल्याशिवाय फलकावर काही लिहायचं नाही आणि फोन केल्याशिवाय काही खोडायचं नाही. नियम सोन्यासारखा होता. फक्त तेवढे फोन करायला माणसं कुठून आणायची?

याचं उत्तर भरतेश खोतनं काढलं. भरतेश मिरजेतल्या एका इस्पितळात काम करतो. घशाच्या कर्करोगात ज्यांचं स्वरयंत्र काढावं लागतं, त्यांचा आवाज शस्त्रक्रियेआधी साठवून तो नंतर त्यांना परत देणं, हे त्याचं काम. पेशंट बोटानं लिहितो आणि यंत्र त्याच्याच आवाजात बोलतं. भरतेश म्हणतो, आवाजात दोन गोष्टी असतात. एक गळ्याची घडण आणि दुसरी सवय. घडण पकडायला थोडंसं बोलणं पुरतं. सवय पकडायला मात्र माणूस थकलेला, वैतागलेला, हसलेला ऐकावा लागतो. श्वास कुठे तुटतो, कुठल्या शब्दावर जोर येतो, शेवटचं अक्षर गिळलं जातं का, हे यंत्र ऐकत राहतं आणि शिकत राहतं.

त्याला त्यानं संभाषण करणारी बुद्धी जोडली, आणि ती इतकी आटोपशीर केली की डब्याएवढ्या पेटीत मावली. गावोगावच्या पाण्याच्या टाक्यांवर आम्ही त्या पेट्या बसवल्या. सौर बॅटरीवर चालतात, एकमेकींशी रेडिओनं बोलतात. मोबाइलचे टॉवर बंद पडले तरी पेटीच्या टापूतला फोन लागतो. पेटी स्वतः फोन करते, विचारते: कुठे आहात, कितीजण आहात, पाणी कुठवर आलंय, कुणी आजारी आहे का. उत्तर फलकावर लागतं. जो निघायला तयार नसेल त्याची ती समजूतही घालते. त्यासाठी आम्ही तिला दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. खात्री नसलेलं बोलायचं नाही. आणि ज्या बोलण्यानं माणूस हलेल ते लक्षात ठेवायचं.

आवाज माझा घ्यायचं ठरलं, कारण मागल्या महापुरात बातम्यांच्या ध्वनिफिती मी करत असे आणि म्हातारी माणसं म्हणत, मगदूमबाई सांगतायत म्हणजे खरं. काही दुपारी भरतेशसमोर बसून मी वाचलं, बोलले, भांडले. शिवाय फलकाच्या, म्हणजे या पेट्यांच्या, लाइनवरून मी बोलले की यंत्र ते ऐकतं, म्हणजे माझा आवाज त्याच्याकडे शिळा होत नाही. तशी परवानगी मीच दिली होती, आणि तेव्हा मला ती फार साधी बाब वाटली होती.

दोन वर्षांपूर्वीच्या, त्यामानानं लहान, पुरात पेट्यांनी झकास काम केलं. पूर ओसरल्यावर मात्र मला बाजारात फिरणं अवघड झालं. भाव विचारायला तोंड उघडलं की मेथीची जुडी खाली ठेवून बाई म्हणायची, “अगं बया, तुम्हीच का त्या. माझ्या सासऱ्यांशी तासभर बोलत होता. त्यांच्या पायाचं कसंय म्हणून परत फोन पण केला होता तुम्ही.” मी आधी खरं सांगून बघितलं. लोकांचे चेहरे पडायचे. मग मी नुसतं “आता बरा आहे ना पाय?” म्हणायला शिकले.

हे सगळं परक्यांचं. घरचं वेगळंच होतं.

माझी थोरली बहीण राजमती नेजवाडीत राहते. सगळं गाव तिला आक्का म्हणतं. नवरा लवकर वारला आणि ती आई-दादांकडे परत आली, मला तिनंच वाढवलं. आई-दादा गेल्यावर ते घर, दोन म्हशी आणि ती, असं माझं माहेर उरलं. गेल्या उन्हाळ्यात मी अचानक तिच्याकडे गेले. अंगणात पोचले तर आतून माझाच आवाज आला.

“मग तू काय केलंस, आक्का?”

आक्का भाकरी थापत होती आणि फोन चुलीशेजारच्या फळीवर उभा होता.

“ठेव आता,” ती फोनला म्हणाली. “सुनीती आली.”

“कुणाशी बोलत होतीस?”

“तुझ्याशी.”

पेट्या नीट चालतात का हे कळावं म्हणून आम्ही फलकाची लाइन पूर नसतानाही वर्षभर चालू ठेवली होती. आक्का रोज तिच्यावर बोलत होती, हे मला माहीत नव्हतं.

“आक्का, ते मशीन आहे.”

“म्हायती हाय मला. येडी न्हाई मी. पर त्ये ऐकून घेतंय. तू फोन केलास की, हं, बोल लवकर. म्हशीनं पान्हा चोरला म्हटलं तर तू म्हणतीस, डॉक्टरला दाखव. त्ये इचारतंय, कंची म्हस, थोरली का धाकली?”

मला राग आला. नीट बघितलं तर तो राग नव्हता, मत्सर होता, आणि तोही स्वतःच्याच आवाजाचा. मी भाकरी खाल्ली आणि दोन तासांत परत निघाले. पुढचा महिनाभर आमचं बोलणं कमीच झालं. म्हणजे माझं. आवाजाचं चालूच होतं.

तर त्या सकाळी चहा घशाखाली गेला तोच भरतेशचा फोन आला.

“ताई, नेजवाडी बघितलीत का?”

फलक उघडला. नेजवाडीचा रस्ता दुपारनंतर पाण्याखाली जाणार होता. बॅटरीच्या ट्रॅक्टरला ट्रॉली लावून माणसं आणि जनावरं बाहेर काढणं चालू होतं, आणि रस्ता गेला की होड्यांची वाट बघणं आलं. होड्यांत म्हशी घेत नाहीत, आणि म्हशींशिवाय आक्का निघणार नाही, हे मला फलकानं सांगायची गरज नव्हती. तिच्या नावापुढे लिहिलं होतं: निघायला नकार. यंत्रानं तिला कितीदा तरी फोन केला होता. मी बोलणं वाचलं. दर वेळी आक्काचं एकच उत्तर होतं: मागल्या महापुरात पाणी गोठ्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबलं, भिंतीवर खूण आहे.

आमच्या नदीकाठी घराघरांत ही खूण असते. महापूर ओसरला की ओल जिथवर चढली तिथे तेलरंगाची रेघ मारायची. मग पुढची सगळी वर्षं पाणी कुठवर येईल ते ती रेघ ठरवते. पाणी मात्र रेघा वाचत नाही. त्या महापुरानंतर नेजवाडीच्या खालच्या अंगाला नवा महामार्ग झाला होता, उंच भरावावरचा. पूर्वी शेतांत पसरणारं पाणी आता त्या भरावाला अडून गावात साचणार होतं. यंत्रानं हे तिला माझ्या आवाजात, माझ्यापेक्षा सोप्या शब्दांत समजावलं होतं. आक्कानं सगळं ऐकून घेतलं होतं आणि म्हटलं होतं, बरं, उद्या बोलू.

“जिथं जिथं नकार आहे तिथं हीच खूण आहे, ताई,” भरतेश म्हणाला. “तुम्ही स्वतः बोला त्यांच्याशी. टॉवर गेलाय, फलकाची लाइन घ्या.”

फोन लावताना मी ठरवलं, आज चिडायचं नाही. काही झालं तरी आवाज चढवायचा नाही. आक्काला जे यंत्रात आवडतं ते एक दिवस आपल्यालाही जमलं पाहिजे.

“आक्का, सुनीती बोलते गं. जेवलीस का?”

“जेवते की.”

“धारा काढल्यास? थोरली देते का दूध नीट?”

“देती.”

मग मी तिला शांतपणे भरावाचं सांगितलं, ट्रॉलीचं सांगितलं, छावणीत जनावरांची सोय आहे हेही सांगितलं. मधे एकदाही तिला तोडलं नाही. मला स्वतःचंच कौतुक वाटायला लागलं होतं.

“झालं तुझं?” आक्का म्हणाली. “आता ठेव, आन् खऱ्या सुनीतीला फोन कराय सांग. तिला सवड असली तर.”

“आक्का, मीच आहे.”

“ह्ये बी म्हणाय शिकवलं व्हय तुला? सुनीती आसली गोड बोलत न्हाई. जेवलीस का म्हणून जल्मात इचारलं न्हाई तिनं. तिला वाटत असंल आक्का बुडावी न्हाई, तर ती बोलंल.”

आठवडाभराची झोप, अर्धाच झालेला चहा, तिची ती रेघ, सगळं एकदम डोक्यात गेलं.

“मग बस तिथंच,” मी ओरडले. “बस त्या रेघेला कवटाळून, आणि मर म्हशींसकट. माझं काय? आई गेली, दादा गेले, मी कुणाच्या दारात येऊन बसू? आणि येते तेव्हा भांडते म्हणून काय मला तुझी गरज नाही? तू मेलीस तर मला माहेर राहणार नाही. कळतंय का तुला?”

‘माहेर’ म्हणताना माझा आवाज फाटला. मधेच वर गेला आणि नुसता वारा बाहेर आला. पलीकडे म्हैस हंबरलेली ऐकू आली.

“हां,” आक्का म्हणाली. “आता आलीस तू.” मग नाक ओढून विचारलं, “ट्राली कुठं उभी हाय?”

दुपारी छावणीतून तिचा फोन आला. दोन्ही म्हशी मागे चालवत आणल्या होत्या, धाकटी वाटेत फार नखरे करत होती. नियमाप्रमाणे मी विचारलं, पोचलीस ना, आणि माझ्या हातानं फलकावर तिच्या नावापुढे ‘सुटका झाली’ लिहिलं. मग बाथरूमचं दार लावून रडून घेतलं. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भरतेशनं मला त्याच्या घरी बोलावलं. पूर आला की त्याच्या गच्चीवरची खोली आमचं कार्यालय होते. तो रात्रभर जागा असावा, डोळे तांबारले होते.

“कालपासून नकार एकदम कमी झालेत,” तो म्हणाला. “का ते बघितलं. हे ऐका.”

खालच्या अंगाच्या कुठल्याशा गावातले एक आजोबा होते. ते खुणेचं सांगत होते. माझ्या आवाजानं त्यांना शांतपणे विचारलं, तुम्हाला मुलगी आहे का? हाय की, जयसिंगपुरात दिलीय. मग माझा आवाज म्हणाला, “आजोबा, तुम्ही गेलात तर तुमच्या लेकीला माहेर राहणार नाही.”

‘माहेर’ म्हणताना तो फाटला. तसाच मधेच वर गेला, आणि तसाच वारा बाहेर आला.

आपली ठेवणीतली साडी शेजारणीच्या अंगावर दिसावी, तसं मला झालं. मी खाली बसले.

“मी काही केलं नाही, ताई,” भरतेश म्हणाला. “ज्या बोलण्यानं माणूस हलेल ते लक्षात ठेव, हे आपणच त्याला सांगितलंय. कालचं तुमचं बोलणं फलकाच्या लाइनवर झालं. आणि ते खोटं बोलत नाहीये. आधी लेक आहे का विचारतंय, मगच म्हणतंय.”

“आणि रडतंय ते?”

त्यानं ध्वनिफीत बंद केली. तो चांगला मुलगा आहे, त्याला खरंच वाईट वाटत होतं.

“काढून टाकू का? मिनिटाचं काम आहे. फक्त...” त्यानं पडद्याकडे बघितलं. “खालच्या गावांत पाणी अजून चढतंय.”

मी विचारलं, कितीजण निघाले या वाक्यानं. त्यानं आकडा सांगितला. तो ऐकल्यावर ‘काढ’ म्हणण्याची कुणाची छाती झाली नसती, माझीही झाली नाही. माझ्या मनात एवढंच होतं की हे वाक्य एका माणसासाठी होतं. पण मनात असलेल्या गोष्टीनं कुणी ट्रॉलीत चढत नाही.

“राहू दे,” मी म्हटलं. “आक्काच्या कानावर जाणार नाही असं बघ म्हणजे झालं.”

हे कसं बघायचं, ते त्यालाही ठाऊक नव्हतं आणि मलाही.

आक्का दिवस मावळल्यावर जेवत नाही. आम्हा जैनांच्या घरात ते असतंच, पण आक्काचं फार कडक. छावणीतलं जेवण दिवेलागणीनंतर यायचं, म्हणजे आदल्या दिवशी ती उपाशीच झोपली असणार. म्हणून ऊन उतरायच्या आत मी भाकरी आणि मुगाची उसळ घेऊन छावणीवर गेले. छावणी एका शाळेच्या सभागृहात होती. ओल्या सतरंज्यांचा आणि फिनेलचा वास येत होता.

आक्का खिडकीजवळच्या खाटेवर बसली होती, आजूबाजूला चार बायका. तिचा चेहरा इतका उजळलेला मी खूप दिवसांत बघितला नव्हता. मला बघून ती बायकांना म्हणाली, “हीच ती.” मग मला हळूच म्हणाली, “सांगितलं मी ह्यांस्नी. कशी शिव्या दिल्यास, कशी रडलीस. म्हटलं, म्हातारी झाले तवा कुठं बहिणीनं मनातलं बोलून दाखवलं.”

मला तिथून उठून जावंसं वाटलं. मी डबा उघडला आणि म्हटलं, “आक्का, आधी जेव बरं. दिवस चाललाय.”

पलीकडच्या खाटेवरची म्हातारी माझ्याकडे वळली. हौसाबाई तिचं नाव, त्याच दिवशी खालच्या गावाहून आली होती. तिनं मला आधी कधी पाहिलं नव्हतं. ती उठली, चाचपडत आली आणि माझे दोन्ही हात धरले.

“तूच गं ती,” ती म्हणाली. “आवाज वळखला मी. आमचं म्हातारं उठत न्हवतं, खूण खूण करत बसलं हुतं. तू म्हणलीस, तुमच्या लेकीला म्हायेर ऱ्हाणार न्हाई. आन् म्हायेर म्हणताना रडलीस की गं माझे बाय. तवा उठलं बघ त्ये. परक्या माणसासाठी कोण रडतंय आजकाल.”

तिनं माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मी तिला काय सांगणार होते? “बरे आहेत ना आजोबा?” एवढंच म्हटलं. जीभ आता तेच म्हणायला सरावली होती.

आक्काच्या हातात भाकरीचा तुकडा तसाच होता. मग ती जेवायला लागली, मान खाली घालून. तिच्या भोवतालच्या बायका एकेक करून आपापल्या जागी गेल्या. हौसाबाई नवऱ्याला बघायला बाहेर गेली.

“हिच्याशी बी तू बोललीस?” आक्कानं विचारलं.

“मी नाही. मशीन.”

“रडलं बी मशीनच?”

“हो.”

“आन् माझ्याशी?”

“तुझ्याशी मी. तुझी शपथ, आक्का. मी बोलले ते त्यानं ऐकलं आणि उचललं. पहिल्यांदा तुलाच म्हटलं मी.”

आक्कानं उसळ भाकरीनं पुसून घेतली.

“मशीन बी असंच सांगंल की,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला भांडता आलं असतं.

यंत्र स्वतःला कधीच सुनीती म्हणवून घेत नाही, विचारलं की पूरफलकाचा आवाज म्हणूनच सांगतं, हे मला तिला समजावता आलं असतं. यंत्रानं समजावलंच असतं, न थकता, कितीही वेळा. माझ्यात त्राण नव्हतं. मी नुसती तिच्याजवळ बसून राहिले. बाहेर जनावरांच्या चाऱ्याची गाडी आली होती आणि लोक तिकडे धावत होते.

आक्कानं पाणी पिऊन डबा झाकला, माझ्या पिशवीत ठेवला.

“आता फोन नको करत जाऊ मला,” ती म्हणाली. “तू बी नको, त्येनं बी नको. पूर आला तर गावकरी सांगतील, मी निघंन. तुला काय बोलायचं असंल तर येत जा.”

“येईन,” मी म्हणाले.

मी ते म्हणत असताना आक्का माझ्या ओठांकडे बघत होती.